कपाटाची चाल

शाळेत व्हिडिओ आणि ॲनिमेशनचे वर्ग सुरू झाले आणि वरच्या इयत्तांतली मुलं आपसूक दोन गटांत पडली. एक व्हिडिओवाले. गळ्यात कॅमेरा, खांद्यावर ट्रायपॉड आणि तोंडात सदा न कदा ‘बाजूला व्हा, शूटिंग चाललंय’. एकदा त्यांनी मुख्याध्यापकांनाही असंच बाजूला व्हायला लावलं होतं, आणि मुख्याध्यापक झालेही होते. दुसरे ॲनिमेशनवाले. हे खिडक्यांचे काळे पडदे ओढून संगणकापुढे बसलेले असायचे आणि मधल्या सुट्टीत उजेडात आले की घुबडासारखे डोळे मिचकावायचे. पहिले दुसऱ्यांना बटाटे म्हणत. दुसरे पहिल्यांना लग्नातले फोटोवाले म्हणत. दोघांचंही खरं होतं.

गोगल बटाट्यांतली. हे नाव तिला चष्म्याच्या जाड काचांमुळे पडलं की कामातल्या गोगलगायीच्या वेगामुळे, यावर घरात एकमत नव्हतं. आत्याचं म्हणणं, एका नावात दोन्ही कामं होत असतील तर भांडता कशाला. जी मुलगी एका सेकंदाच्या हालचालीसाठी बारा चित्रं काढते, ती आंघोळीला किती वेळ लावेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

वर्ग घेणारे सर उंच आणि हाडकुळे होते, जोराचा वारा आला तर आधी खुर्चीला धरतील असे. पण उठता-बसता त्यांच्या तोंडी एकच शब्द: वजन. कोणी मांजर उडी मारताना काढलं, तर सर वाकून बघायचे आणि विचारायचे, ‘वजन कुठाय?’ चेंडू काढला, वजन कुठाय. पडणारं पान काढलं, तरी तेच. म्हणून मुलं त्यांना वजनसर म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक नाही असं मुलांना वाटे.

वर्षाच्या शेवटी प्रत्येकाने आपली एक छोटी फिल्म करायची, ती शाळेच्या सभागृहात आईबापांसमोर दाखवायची आणि ती बघून बाहेरचे दोन परीक्षक पुढच्या वर्षीच्या मोठ्या वर्गासाठी मुलं निवडणार, असा रिवाज होता. मोठ्या वर्गात जागा थोड्या. गोगलला गणित जमत नव्हतं, खेळात ती पट्टीच्या बाहेर उभं राहून टाळ्या वाजवायची, गाण्यात तर तिला ओठ हलवायची परवानगी होती, आवाजाची नव्हती. एवढी एक गोष्ट तिला येत होती. त्यामुळे मोठ्या वर्गातली जागा तिला हवी होती म्हणजे किती, तर घरी तिने ते कोणाला सांगितलंच नव्हतं.

फिल्म होती एका कपाटाची. जुनं लाकडी कपाट, त्याचं दार नीट लागत नाही, म्हणून घरातला जो तो येता-जाता त्याला लाथ मारून दार बंद करतो. एके दिवशी कपाट वैतागून घर सोडून निघतं. रस्त्यावरून चालत चालत बसथांब्यापर्यंत जातं, आणि मग आपल्या खणात धाकटीचा स्वेटर राहिलाय हे आठवून परत येतं. एवढीच गोष्ट. पण कपाटाला बोलायला आवाज हवा होता, आणि आवाज घरातच होता.

आत्या बसस्थानकावर घोषणा करायची. काचेच्या खोलीत माईकपुढे बसून अमुक बस तमुक फलाटावर लागली आहे, हे ती अशा थाटात सांगे की ज्यांना कुठे जायचं नाही त्यांनाही बसमध्ये चढावंसं वाटे. गावात तिचा आवाज ओळखत नाही असं माणूस नव्हतं, आणि तिला पाहिलेली माणसं मात्र फार नव्हती. गोगलची आई नोकरीपायी दुसऱ्या शहरात असायची आणि सुट्टीला यायची. घर चालायचं ते आत्याच्या आवाजावर.

गोगलने विचारल्यावर आत्याने आधी आढेवेढे घेतले, म्हणजे ‘मला कुठे येतंय’ असं म्हणत केस नीट केले. बाहेरचा गोंगाट येऊ नये म्हणून रेकॉर्डिंग खरोखरच्या कपाटात करायचं ठरलं. कपड्यांत आवाज घुमत नाही, हे वर्गात शिकवलं होतं. तेव्हा आत्या हँगरला टांगलेल्या कोटांमध्ये स्टूल टाकून बसली, हातात टॉर्च आणि कागद, आणि गोगलने बाहेरून दार लावलं. पहिल्या खेपेला कपाट म्हणालं, ‘मी निघते. कृपया लक्ष द्या.’ दुसऱ्या खेपेला कृपया गेलं, पण लक्ष राहिलं. शेवटी गोगलने आतल्या आत्याला सांगितलं की समोर प्रवासी नाहीत, बाबा आहेत, आणि त्यांनी ओला टॉवेल पुन्हा पलंगावर टाकलाय. मग जो आवाज आला त्याला तोड नव्हती. ‘मी निघते. कपड्यांच्या घड्या आपापल्या घालून ठेवा.’

त्या दिवसापासून आत्या पार बदलली. डेपोतल्या कंडक्टरांना, ड्रायव्हरांना, कँटीनवालीला, सगळ्यांना तिने सांगून झालं की आपण सिनेमात आहोत. छोटा सिनेमा, असंही सांगितलं, पण जरा हळू आवाजात.

आवाज झाला. अडलं ते चालण्यावर. गोगलचं कपाट चालतच नव्हतं. पाय टाकत होतं, पण जमिनीला लागत नव्हते. वजनसर वाकून बघत बसले आणि म्हणाले, ‘हे कपाट घर सोडून निघालंय की त्याला वारा नेतोय?’ मग त्यांनी नेहमीचा उपाय सांगितला. खरी माणसं चालताना बघा, त्यांचं शूटिंग करा, आणि एकेक चित्र त्यावरून शिका. नक्कल करायला त्यांची हरकत नव्हती. कोणाची केली ते सांगितलंच पाहिजे, एवढा एक नियम होता. त्यासाठी वर्गात जोडपट्टी म्हणून एक प्रकार होता. पडद्याच्या डाव्या बाजूला खऱ्या माणसाचं शूटिंग, उजवीकडे तुमचं चित्र, दोन्ही एकदम चालताना. जोडपट्टी नसेल तर फिल्म पुरी झाली असं सर मानत नसत.

गोगल गावभर हिंडली. पोस्टमनला टिपलं, कुत्रं फिरवणाऱ्या म्हाताऱ्याला टिपलं, बाजारात पोती वाहणाऱ्यांना टिपलं. बाबांनाही चालवून पाहिलं. बाबा ड्रायव्हिंग शिकवायचे, आणि आयुष्यभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून त्यांचा उजवा पाय दर चार पावलांनी आपोआप ब्रेक दाबायचा. कपाटाला ते शोभेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच, कारण एका संध्याकाळी ती घरच्या पॅसेजमध्ये फोन फळीवर टेकवून नुसता दिव्याचा उजेड कसा पडतो ते टिपत होती, आणि आत्या कामावरून आली.

दोन्ही हातांत पिशव्या होत्या. ती दारातून आत शिरली आणि फोनकडे पाठ करून स्वयंपाकघराकडे निघाली. आधी उजवा खांदा गेला. त्याच्या मागून कंबर गेली. मग डावा पाय उचलायच्या आधी एक एवढासा थांबा आला, जमिनीला ‘आहेस ना?’ विचारावं तसा, आणि जमीन हो म्हणाल्यावर पाय ठाम पडला. मग पुन्हा खांदा. सगळं शरीर एका बाजूने दुसऱ्या बाजूला मोठ्या डौलात सरकत होतं, दार जरा कमी पडेल अशा बेताने. गोगल ही चाल जन्मापासून बघत होती. त्या संध्याकाळी ती तिला पहिल्यांदा दिसली.

विचारायला हवं होतं, हे तिला तेव्हाच कळलं. पण कॅमेरा आहे म्हटल्यावर माणूस आपलं चालणं विसरतो आणि दुसऱ्याच कोणाचं तरी चालायला लागतो, हे तिने गावभर हिंडून बघितलं होतं. नंतर सांगू, असं म्हणून तिने विषय मनात ठेवला. आणि नंतर हा जो काळ असतो, तो कधी येत नाही हे सर्वांना माहीत असूनही सगळे त्याच्यावर भिस्त ठेवतात.

कपाट चाललं. असं चाललं की पडद्यावर बघताना पायाखालची फरशी जरा दबल्यासारखी वाटावी. वजनसर बघत राहिले आणि म्हणाले, ‘वजन.’ पुढचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. दुसऱ्या दिवसापासून बटाटे झाडून सगळे मधल्या सुट्टीत कपाटासारखे चालू लागले. खांदा, कंबर, थांबा, पाय. आठवड्याभरात व्हिडिओवाल्यांनाही लागण झाली. पोरं टिंगल करत नव्हती. एखादं गाणं तोंडात बसतं तशी ती चाल अंगात बसली होती. पण गोगलला तो फरक समजावून सांगायला कोणी विचारत नव्हतं, आणि त्यातच सरांनी कार्यक्रमाची रूपरेषा सांगितली. प्रत्येक फिल्मनंतर जोडपट्टी दाखवायची होती. भल्यामोठ्या पडद्यावर. डाव्या बाजूला आत्या, पाठमोरी, पिशव्यांसकट.

गोगलने बाबांना गाडीत सांगितलं. बाबांशी महत्त्वाचं बोलायची जागा तीच होती, कारण तिथे ते समोर बघत राहत. बाबांनी गाडी कडेला घेतली, म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

त्यांनी सांगितलं ते असं. ताई, म्हणजे आत्या, शाळेत होती तेव्हा तिला कविता म्हणण्याचं पहिलं बक्षीस मिळालं होतं. सभागृहात ती स्टेजकडे चालत निघाली, आणि मागच्या बाकांवरच्या कोणीतरी तिच्या पावलांच्या ठेक्यावर पाय आपटले. मग दुसऱ्याने, मग सगळ्या रांगेने. ताईने बक्षीस घेतलं, खाली उतरून आली, आणि त्यानंतर ती कुठल्याही कार्यक्रमाला सगळ्यांच्या आधी जाऊन बसू लागली आणि सगळे गेल्यावर उठू लागली. काचेच्या खोलीतली नोकरी तिने का धरली, हे घरात कोणी बोलत नाही. बोलायचं नसतं म्हणूनच गोगलला माहीत नव्हतं.

मग बाबांना एक कल्पना सुचली. बाबांना कल्पना क्वचित सुचत, आणि सुचल्या की घरच्यांनी सावध व्हावं असा अनुभव होता. जोडपट्टीत ताईच्या जागी मीच चालतो, ते म्हणाले. चाल तीच, माणूस दुसरा. कोणाला काय कळणार?

दुसऱ्या दिवशी आत्या कामावर असताना पॅसेजमध्ये शूटिंग सुरू झालं. बाबांनी दोन्ही हातांत पिशव्या घेतल्या, वजनासाठी एकीत कांदे आणि दुसरीत डिक्शनरी. गोगलने लॅपटॉप स्टुलावर ठेवला, त्यात आत्याची मूळची क्लिप, ती बघून बाबांनी शिकायचं. खांदा जमला. कंबरेपाशी गाडी अडली. कंबर हलली की खांदा विसरत, खांदा आठवला की कंबर जागच्या जागी, आणि दोन्ही जमलं की उजवा पाय ब्रेक दाबे आणि कांदे पॅसेजभर. गोगल कॅमेऱ्यामागून सूचना देत होती: कंबर जरा उशिरा, बाबा, नाही, एवढी नाही, तुम्ही दार ढकलताय असं वाटतंय. बाबा घामाघूम झाले होते. त्यांनी एकदा जिद्दीने सगळंच एकदम केलं, आणि कंबर, खांदा, पिशव्या अशा चारी दिशांना जात असताना समोरचं दार उघडून आत्या आत आली. तिची त्या दिवशी अर्धी पाळी होती.

घरात क्षणभर नुसता एक कांदा घरंगळत होता.

बाबा म्हणाले, कंबर धरलीय. आत्याने पिशव्या काढून घेतल्या, भावाला पलंगावर पालथं घातलं, गरम पाण्याची पिशवी आणली आणि ड्रायव्हिंगच्या सीटवर चुकीचं बसण्यावर त्याला जे ऐकवायचं ते ऐकवलं. बाबांनी उशीत तोंड खुपसून सगळं ऐकून घेतलं. खोटं बोलणाऱ्याला इतकी ऊब क्वचितच मिळत असेल.

आणि मग आत्याने विचारलं की हे शूटिंग कसलं चाललंय. मी आवाज दिलाय, मला बघायचा हक्क आहे, असं म्हणत ती लॅपटॉपकडे वळली. गोगल मध्ये यायला निघाली, पण गोगलगायच ती. पडद्यावर एक पाठमोरी बाई पॅसेजमधून चालत होती. आत्याने वाकून विचारलं, ही कोण गं? मग तिला पिशवी दिसली. निळी, एका बाजूला ठिगळ लावलेली. आत्याने दारापाशी ठेवलेल्या स्वतःच्या पिशवीकडे पाहिलं. क्लिप पुढे चालूच होती, पण आत्याने ती बघितली नाही. लॅपटॉप बंद केला, हळूच, झाकण दुखेल अशा काळजीने.

“आवाज मागितलास, तो मी दिला,” ती म्हणाली. “पायही मागितले असतेस तर?”

“तर तू नीट चालली असतीस,” गोगल म्हणाली.

खरं तर याहून खरं उत्तर नव्हतं. आणि याहून वाईटही नव्हतं. नीट हा शब्द पॅसेजमध्येच पडून राहिला आणि त्याला उचलायला कोणी वाकेना.

आत्या रागावली की बोलणं बंद करायची नाही. ती घोषणा करायची. कोणाकडे न बघता, वरच्या छताला उद्देशून. ‘स्वयंपाकघरात चहा तयार आहे. इच्छुकांनी घ्यावा.’ ‘बाथरूममध्ये कोणीतरी बराच वेळ आहे. इतर प्रवाशांचा विचार व्हावा.’ बाबा आणि गोगल ते ऐकून मुकाट्याने उठत, मुकाट्याने बसत. चहा वेळेवर मिळत होता, डबा वेळेवर मिळत होता, घरात कशालाही उशीर नव्हता, आणि गोगलला वाटत होतं की आत्याने एकदा तरी कान पिळावा.

त्या आठवड्यात गोगलने शाळेत बसून कपाटाची चाल पुसली. एकेक चित्र, जसं काढलं होतं तसंच उलट्या पावली. त्या जागी पहिलं तरंगतं चालणं परत टाकलं. जोडपट्टीत डावीकडे काहीतरी हवं म्हणून तिने एक फुगा शाळेच्या पंख्याखाली सोडून त्याचं शूटिंग केलं. आता सगळं प्रामाणिक होतं. कपाट फुग्यासारखं चालत होतं, आणि ते फुग्यावरून शिकलं होतं.

वजनसरांनी फिल्म बघितली, मग गोगलकडे बघितलं. काय झालं, असं त्यांनी विचारलं आणि आधीची आवडेनाशी झाली, असं तिने सांगितलं. सर म्हणाले, फिल्म तुझी आहे. जुनी फाइल मात्र त्यांनी पुसली नाही. पुसणं, फेकणं, आवरणं हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं, त्यांचं टेबल पाहिलं असतं तर कोणालाही हे पटलं असतं.

कार्यक्रमाच्या दिवशी आत्या येणार की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. तिला स्वतःलाही यायचं नव्हतं म्हणे, पण अख्ख्या डेपोला सांगून झालं होतं, आणि सांगितलेली बस सोडावीच लागते. ती कोणी नसतानाच जाऊन पहिल्या रांगेच्या कोपऱ्यात बसली. मागाहून कंडक्टर, ड्रायव्हर, कँटीनवाली असा ताफा आला आणि त्याने तिच्या शेजारची सगळी रांग भरून टाकली. बाबा आणि गोगल चार रांगा मागे. प्रोजेक्टर सभागृहाच्या अगदी दुसऱ्या टोकाला होता, वजनसर त्याच्यामागे, आणि त्यांच्या शेजारी दोन परीक्षक, हातात पेन घेऊन, आत्तापर्यंत तीन मांजरं आणि पाच अंतराळवीर बघून थकलेले.

गोगलची फिल्म लागली. आत्याचा आवाज घुमला तसा डेपोच्या रांगेत एक समाधानाचा हुंकार उठला. ‘मी निघते. कपड्यांच्या घड्या आपापल्या घालून ठेवा.’ लोक हसले. मग कपाट निघालं. निघालं म्हणजे, जमिनीपासून बोटभर वरून वाहत गेलं. मागून एका लहान पोराने मोठ्याने विचारलं, आई, कपाट उडतंय का? कोणी खोकलं. परीक्षकांपैकी एकाने घड्याळात पाहिलं. कंडक्टर आत्याकडे झुकून म्हणाला की आवाज फार छान आलाय, आणि बाकी कशाबद्दल काही बोलला नाही.

फिल्म संपली, दिवे लागले आणि जोडपट्टी आली. डावीकडे फुगा, उजवीकडे कपाट. सभागृह खो खो हसलं, चांगल्या मनाने हसलं, पण हसलं. गोगलने चष्मा काढून हातात धरला. चष्म्याशिवाय तिला काही दिसत नसे, आणि सध्या तेच बरं होतं.

म्हणून आत्या उठली ते तिला दिसलं नाही. ते बाबांनी पाहिलं, आणि त्यांचा उजवा पाय कचकन खाली दाबला गेला.

आत्या मधल्या वाटेत आली आणि मागच्या टोकाकडे निघाली. सगळं सभागृह समोर, दिवे चालू, आणि वाट लांबलचक. खांदा गेला. कंबर गेली. थांबा आला. पाय पडला. व्हिडिओवाल्या पोरांनी कोणी न सांगता कॅमेरा तिच्याकडे वळवला. मधल्या रांगांत बटाटे बसले होते. ज्यांनी महिनाभर ही चाल अंगात मुरवली होती, त्यांनी ती आता माणसाच्या अंगावर पाहिली आणि त्यांची तोंडं उघडीच राहिली. एकाने शेजारच्याला हळूच सांगितलं, पण सभागृह गप्प होतं म्हणून ते सगळ्यांना ऐकू गेलं: “कपाट.”

गोगलने चष्मा घातला. आत्या त्या रांगेपाशी थांबली होती. पोरगं खुर्चीत इतकं खाली सरकलं की नुसते केस उरले. गोगलला वाटलं, झालं, आता आत्या मागे फिरणार, आणि या गावात यापुढे तिला कोणी दिवसाउजेडी बघणार नाही.

“तेच,” आत्या म्हणाली आणि पुढे निघाली.

वजनसरांच्या टेबलाशी ती पोचली तेव्हा जरा दम लागला होता. तिने सांगितलं की हा फुगा काढा आणि मूळचं लावा. सरांनी गोगलकडे पाहिलं. गोगल जोरजोरात मान हलवत होती, नको, नको, नको.

“मुलीला काय विचारता,” आत्या म्हणाली. “पाय माझे आहेत.” आणि मग परीक्षकांकडे बघत, “आणि माझा आवाज मी तरंगत्या कपाटाला दिला नव्हता. मी जे बोलले ते बोलून कोणी असं जातं का? त्या सुरात घर सोडलं तर पाय आपटत सोडतात.”

दोन्ही परीक्षकांनी मान डोलावली. एकीने तर काहीतरी आठवल्यासारखी डोलावली.

सरांनी टेबलावरच्या पसाऱ्यात हात घातला, चार तारा, अर्धं बिस्कीट आणि कोणाचातरी हरवलेला हातमोजा बाजूला केला आणि फाइल लावली. आत्या परत निघाली होती. ती वाटेच्या मध्यावर असतानाच दिवे गेले आणि पडद्यावर कपाटाचं दार करकरलं. तिच्याच आवाजात ते म्हणालं, मी निघते, आणि निघालं. पहिलं पाऊल पडलं तसं सभागृहातल्या कोणाच्यातरी घशातून ‘आ’ असा आवाज आला. खांदा नव्हता कपाटाला, पण वरचा कोपरा पुढे गेला. कंबर नव्हती, पण मधला खण मागून आला. मग तो थांबा. आणि मग पाय, ठाम, जमिनीला विचारून.

आत्या वाटेत उभी होती. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर येत-जात होता. गोगलला मागे वळल्यावर चार रांगांवरून तिचा चेहरा दिसत होता आणि त्यावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. कपाट रस्ता ओलांडून गेलं, एका कुत्र्याने त्याला वाट दिली, आणि आत्याचं डावं पाऊल किंचित उचललं जाऊन पुन्हा खाली टेकलं.

मागून एका गृहस्थाचा आवाज आला, बाई, खाली बसा, आम्हाला दिसत नाही.

“थांबा जरा,” आत्या मागे न बघता म्हणाली. तो घोषणेचा आवाज नव्हता. “मी हे कधी पाहिलेलं नाही.”

गृहस्थ काही क्षण थांबले. मग स्वतःच उठून उभे राहिले.